हौसेला मोल नसतं, वायरिंगला असतं

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. शाळेत असताना एका मासिकात माझदा आरएक्स-७ या जपानी स्पोर्ट्स कारचा फोटो पाहिला होता. तिसऱ्या पिढीची, लाल, पुढचे दिवे वर आलेले. तेव्हापासून ही गाडी मनात आहे. घर, मुलं, आजारपणं सगळं निभावलं आणि आता हाताशी थोडे पैसे आहेत. परवा एक गाडी पाहिली. साल १९९३, रंग लालच. पण तिचं मूळ रोटरी इंजिन काढून त्या जागी कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारचं आठ सिलिंडरचं व्ही-८ बसवलंय. काम आठ वर्षांपूर्वी झालं, हा त्यानंतरचा दुसरा मालक. तो म्हणतो, इंजिन बदलल्यापासून गाडी जेमतेम सहा हजार किलोमीटर चाललीय आणि ‘पाचेक टक्के काम बाकी आहे’ : एसी चालत नाही, पेट्रोलचा काटा खोटं सांगतो, वेगाचा काटा थोडा पुढे पळतो. माझा भाऊ म्हणतो, इंजिन बदललं म्हणजे ती आरएक्स-७ राहिलीच नाही. नवरा म्हणतो, घे एकदाची. मी काय करू?
– हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं का?

प्रिय हौसेला,

तुमच्या भावाशी माझं भांडण नाही, पण त्याचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण पत्रात तुम्ही तो एकाच ओळीत लिहिला असला तरी झोप त्यानेच उडवलीय असं वाटतं.

भाऊ चूक नाही. ही गाडी त्या इंजिनाभोवती बेतलेली होती. १३०८ सीसीचं, दोन रोटरचं, दोन टर्बोचं (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) ते इंजिन इतकं बुटकं आणि आखूड की माझदाने ते पुढच्या चाकांच्या मागे सरकवून बसवलं. गाडीचा तो सापासारखा सखल बॉनेट त्यामुळेच शक्य झाला. त्यात पिस्टन नाही, झडपा नाहीत. एक फुगीर त्रिकोण गरगरत राहतो आणि काटा मिनिटाला आठ हजार फेऱ्यांकडे गेला तरी इंजिनाची कुरकुर नसते. १९९१ साली माझदाने चार रोटरच्या गाडीने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी ही तिसरी पिढी आली. तेव्हा त्या आवाजावर जीव जडलेला माणूस व्ही-८ ऐकून तोंड वाकडं करणारच.

पण तुमच्या पत्रात आवाज कुठेच नाही. लाल रंग आहे, उघडे दिवे आहेत, मासिकाचा गुळगुळीत कागदही मला जवळजवळ दिसला. तुम्ही जिच्यावर भाळलात ती आकृती आहे, आणि ती अजून तिथेच उभी आहे. म्हणून आधी एक करा. मूळ इंजिनाची आरएक्स-७ कुणाकडे असेल तर तिच्यात एकदा अर्धा तास बसून या, शेजारच्या सीटवर बसलात तरी चालेल. उतरताना ‘हेच हवं होतं’ असं वाटलं, तर ही व्ही-८वाली कितीही चांगली असली तरी तुमची नव्हे. ‘छान आहे, पण मला आपली ती लालच’ असं वाटलं, तर पुढचं वाचा. भावाने आणि मी मिळून जे ठरवायचं ते तुमचे कान फुकटात ठरवतील.

आणि इंजिन बदलणं म्हणजे काही पाप नव्हे. जिचं नाव निघालं की भलेभले हळवे होतात ती कोब्रा ही स्पोर्ट्स कार अशीच जन्मली. १९६२ साली कॅरल शेल्बी या अमेरिकन माणसाने एसी नावाच्या इंग्रजी कंपनीच्या ‘एस’ गाडीच्या सांगाड्यात फोर्डचं व्ही-८ घातलं. पण दुसरं उदाहरणही ऐकून ठेवा. रोटरी इंजिनाचीच एनएसयू आरओ ८० ही जर्मन गाडी १९६७ साली आली. तिची इंजिनं इतकी पटापट निकामी झाली की वैतागलेल्या मालकांनी फोर्डची व्ही-४ इंजिनं आत कोंबली. गाड्या धावल्या खऱ्या, पण आज जमवणारे लोक मूळ इंजिनवालीच शोधतात. तुमच्या गाडीचंही पुढे हेच होऊ शकतं. विकायची वेळ आली तर घेणारे कमी भेटतील आणि जे भेटतील ते घासाघीस करतील. मग तीच घासाघीस आज तुम्ही का करू नये?

आता इंजिन. कॉर्व्हेटचं म्हणजे बहुधा एलएस१, ५.७ लिटरचं, १९९७च्या कॉर्व्हेटबरोबर आलेलं. या अदलाबदलीत ते इतकं लोकप्रिय का, याला कारण आहे. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) एकच, तोही ब्लॉकच्या पोटात, त्यामुळे वरची डोकी लहान राहतात आणि आठ सिलिंडर असूनही इंजिन आटोपशीर असतं. शिवाय रोटरीबरोबरचे दोन टर्बो, त्यांची हवा गार करणारा इंटरकूलर आणि हौशी लोक ज्याला उंदराचं घरटं म्हणतात ती रबरी नळ्यांची गुंतवळ निघून जाते. त्यामुळे नीट केलेल्या कामात वजनाचा तोलही फारसा ढळत नाही. त्यात हे इंजिन सोशीक आहे. रोटरीचं तसं नाही. ती ठरवूनच थोडं ऑइल पिते, कारण रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना वंगण द्यावं लागतं, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण चुकून मिश्रण एकदा जरी स्फोटासारखं पेटलं तर त्या पट्ट्या तुटू शकतात. निव्वळ इंजिनाची धडधाकट तब्येत पाहायची तर तुमच्या समोरचा सौदा मूळ गाडीपेक्षा कमी धोक्याचा आहे.

धोका आहे तो इंजिनाच्या अवतीभवती. इंजिन एका कारखान्याने बनवलं, गाडी दुसऱ्या कारखान्याने, दोघांनीही ते पक्कं तपासलं. पण ही दोन जिथे जोडली गेली ती प्रत्येक जागा कुणा एका माणसाने, कुठल्या तरी शनिवारी रात्री, हातात होतं ते सामान वापरून केली. तुम्ही विकत घेताय ते त्या माणसाचं काम. तो कोण, हे तुमच्या पत्रात नाही. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा आणि त्या माणसाशी स्वतः बोला. आठ वर्षांपूर्वीचं काम ज्याला आठवतं, जो ‘अहो, त्या गाडीचं क्लचचं पाइप मी नंतर बदललं होतं’ असं आपणहून सांगतो, त्याची गाडी सहसा बरी निघते.

माझी एक फजिती सांगतो. मीही एकदा अशीच जुनी दोन सीटची, मोठं इंजिन घातलेली गाडी घेतली. पाहायला गेलो तो संध्याकाळी, हवा गार, पाऊस भुरभुरत होता. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं. मी बॉनेटवर हात ठेवला, ऊब लागली, आणि मला वाटलं, वा, आपल्यासाठी किती तयारी केलीय! घरी आणताना पहिल्याच ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढू लागला. डॅशबोर्डखाली चाचपडलो तर दोन बटणं हाताला लागली. नाव नाही, दिवा नाही. एक दाबलं, पंखा सुरू झाला. म्हणजे पंखा आपोआप लागतच नव्हता, मालकाने आठवणीने लावायचा! दुसरं बटण कशाचं, हे दीड वर्षाने कळलं. चुकून बंद झालं आणि गाडी भर चौकात मेली. ते टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचं होतं.

नंतर ते सगळं उकललं तेव्हा पंख्याच्या बटणाकडे जाणारी वायर पाहिली. दोन मोठे पंखे मिळून सहज तीस अँपिअर ओढतात. ती वायर टेललाइटला वापरतात तेवढी बारीक. मोठा प्रवाह पेलणारा वेगळा स्विच, म्हणजे रिले, नाही. जोड म्हणजे दोन टोकं पीळ देऊन वर काळी टेप. टेपचा डिंक वितळून खाली ओघळला होता, वायरचं लाल आवरण जोडापासून बोटभर तपकिरी पडलेलं आणि नखाने टोचलं तर पापडासारखं मोडलं. ते हातात धरून मी गॅरेजच्या फरशीवर किती वेळ बसलो होतो, आठवत नाही. आग लागली नाही ती निव्वळ नशिबाने.

म्हणून आता अशी गाडी पाहायला गेलो की मी इंजिनाकडे शेवटी बघतो. आधी वायरिंग. तुम्हीही तसंच करा. यंत्राचं ज्ञान लागत नाही, शिवणकाम बघायची नजर पुरते. कपडा उलटा करून शिलाई पाहतो तसं पाहायचं. वायरी एका जुडीत, आवरणात, ठरावीक अंतरावर बांधलेल्या आहेत का? जिथे पत्र्यातून आरपार जातात तिथे रबराचं कडं आहे का, की पत्र्याची धार थेट वायरवर घासतेय? फ्यूजवर नावं आहेत का? आणि कागदावर काढलेला वायरिंगचा नकाशा आहे का? तो असेल तर मी पुष्कळ गोष्टी माफ करीन. नसेल तर पुढे होणारी प्रत्येक दुरुस्ती म्हणजे अंधारात सुई शोधणं, आणि मेकॅनिक त्या शोधाचे तासावर पैसे घेईल.

आता त्या ‘पाच टक्क्यां’कडे येऊ. मला हा आकडा ऐकला की हसू येतं. राहिलेलं काम पाच टक्के असतं तर आठ वर्षांत दोन मालकांपैकी एकाने तरी ते उरकलं नसतं का? जे राहतं ते अवघड किंवा खर्चीक म्हणूनच राहतं.

एसी घ्या. ‘फक्त गॅस भरायचा राहिलाय’ असं तो म्हणालाच असेल. वाकून बघा, कॉम्प्रेसर जागेवर आहे का. या इंजिनावर तो खाली, बाजूला बसतो आणि दुसऱ्या गाडीच्या सांगाड्यात तिथे अनेकदा जागाच उरत नाही. मग लोक तो काढून ठेवतात. नसलेल्या कॉम्प्रेसरमध्ये गॅस कुठून भरणार? पेट्रोलचा काटा त्यामानाने किरकोळ, टाकीतला पंप बदलताना पातळी दाखवणारा तरंगता फ्लोट वेडावाकडा बसला असेल.

वेगाचा काटा मात्र किरकोळ नाही. नव्या गिअरबॉक्समधून येणारे विजेचे ठोके आणि माझदाच्या मीटरला कळणारे ठोके यांचं गणित वेगळं, ते जुळवायला मध्ये एक छोटी डबी लागते. ती नाही किंवा नीट लावलेली नाही. आणि वेग खोटा असेल तर किलोमीटरही खोटे, दोन्ही एकाच ठोक्यांवर मोजले जातात. सांगा बरं, ‘जेमतेम सहा हजार’ हा आकडा आला कुठून? मोबाइलवर जीपीएस लावून वेग ताडून पाहा आणि फरक किती ते लिहून घ्या. भाव करताना तो कागद कामाला येईल.

आणखी एक. आठ वर्षांत सहा हजार किलोमीटर खरं धरलं, तर महिन्याला साठ-पासष्ट किलोमीटर झाले. विकणारा हे कौतुकाने सांगतोय. मला विचाराल तर ती गाडी एवढी कमी का चालली, हे मला जास्त जाणून घ्यायचंय. चांगली जमलेली गाडी माणूस घरात ठेवूच शकत नाही. हिला लांब न्यायला मालक घाबरत होता का?

पाहायला सकाळी जा, आणि आदल्या दिवशी बजावून सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्या पोचल्या बॉनेटला हात लावा. गार असेल तरच पुढे. सेल्फ तुम्ही मारा. किती वेळात सुरू होतं, धूर कुठल्या रंगाचा येतो, इंजिनाचा चेक लाइट किल्ली फिरवल्यावर लागतो आणि मग विझतो का, हे पाहा. मुळात लागतच नसेल तर बल्ब काढलेला असू शकतो, हा प्रकार फार जुना आहे. मग गाडी जागेवरच पंचवीस मिनिटं चालू ठेवा. गप्पा मारा, पण एक डोळा तापमानाच्या काट्यावर. पंखे आपोआप लागले पाहिजेत, काटा चढून उतरला पाहिजे, पुन्हा चढून पुन्हा उतरला पाहिजे. तिथून बंद करून दहा मिनिटांनी परत सुरू करा. गरम इंजिन अडखळत सुरू होत असेल तर कारण विचारा आणि उत्तर देताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा.

इंजिनाचा कॉम्प्युटर कुठला, हेही विचारून घ्या. कंपनीचाच असेल तर निदान साध्या स्कॅनरने दोष वाचता येतात. बाहेरचा बसवलेला असेल तर त्यात भरलेली ट्यूनची, म्हणजे इंजिनाच्या सेटिंगची, फाइल आणि तिचा पासवर्ड तुमच्या हातात यायला हवा, नाहीतर ज्याने ती भरली त्याच्या दारात तुम्ही आयुष्यभर उभ्या.

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा करू नका. जुन्या स्पोर्ट्स कारवर रोज हात टाकणारा मेकॅनिक पैसे देऊन न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याला दोन जागा मुद्दाम दाखवायला सांगा. पहिली, स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टच्या पाइपांजवळून जातो ती. व्ही-८ला दोन्ही बाजूंनी पाइप असतात आणि दांड्याला वाट काढून द्यावी लागते. मध्ये निदान बोट सरकेल एवढी फट हवी, आणि जवळच्या रबरावर, वायरींवर, ब्रेकच्या नळ्यांवर भाजल्याची खूण नको. इंजिन रबरी फाउंडेशनवर हलतं हे विसरू नका, उभ्या गाडीत दिसणारी फट चालत्या गाडीत तेवढी राहत नाही.

दुसरी जागा मागची. मूळ आरएक्स-७मध्ये गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या डब्यापर्यंत, एक लांब लोखंडी चौकट असते, डिफरन्शियलचं नाक तीच धरून ठेवते. व्ही-८ आणि त्याचा सहा गिअरचा बॉक्स घालताना ती बहुतेक वेळा काढावी लागते. मग ते नाक कशाने धरलंय? नीट ब्रॅकेट आहे की कुणीतरी पट्टी वेल्ड करून भागवलंय? मूळ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पीळ देण्याचा जोर, तीनशे न्यूटन मीटरच्या आत होता, एलएस१चा साडेचारशेच्या वर. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना मागून ‘ठक’ आवाज आला, किंवा ऐंशी-शंभरच्या वेगाला ॲक्सिलरेटर दाबल्यावर सीटखाली घरघर जाणवली, तर तिथेच कुठेतरी दुखणं आहे. घरघर बहुधा गिअरबॉक्समधून मागे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट चुकीच्या कोनात बसल्याची असते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात, कारण इथे मत चालत नाही, नियम चालतो. इंजिन नंबर कागदावर आहे तोच ब्लॉकवर कोरलेला आहे का, हे स्वतः वाचा. बदल अधिकृतपणे नोंदलेला नसेल तर तो नोंदवून देणं हे विकणाऱ्याचं काम, आणि पैसे त्यानंतर. काही ठिकाणी बदललेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यापुढचं असावं लागतं, काही ठिकाणी धुराची चाचणी त्या इंजिनाच्या हिशेबाने होते. विमा कंपनीला इंजिनाचं लेखी कळवा आणि गाडीची किंमत आधीच ठरवून घेतलेली पॉलिसी मिळते का बघा. हे लपवलं तर अपघातानंतर विमा नाकारायला त्यांना आयतं कारण मिळेल.

आणि हो, मूळ रोटरी इंजिन कुठे गेलं? हा प्रश्न विसरू नका. कुठे तरी ताडपत्रीखाली पडलं असेल तर सौद्यात मागून घ्या, बिघडलेलं असलं तरी. भावाचं तोंड बंद होईल ते वेगळंच.

पैशांचं म्हणाल तर गाडीच्या किमतीला पुरतील एवढेच हाताशी असतील तर घेऊ नका. किमतीचा निदान चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, आणि तो खर्च होणारच असं धरून चाला. मी सुरुवात वायरिंगपासून करीन, मग कूलिंग, मग एसी. रंगाला, चाकांना वर्षभर हात लावायचा नाही. कुठला भाग कुठल्या गाडीचा आहे याची यादीही आत्ताच विकणाऱ्याकडून लिहून घ्या. क्लचची प्लेट एका गाडीची, सिलिंडर दुसरीचा, पट्टा तिसरीचा असा संसार असतो हा. रस्त्यात पट्टा तुटल्यावर दुकानदार विचारतो, ‘कुठली गाडी?’ आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

तुम्ही सांगितलं तेवढ्यावरून माझं मत विचाराल तर : काम कुणी केलं ते कळलं, त्याच्याशी बोलणं झालं आणि नकाशा मिळाला, तर ‘पाच टक्क्यां’चा खर्च मेकॅनिककडून लिहून घेऊन किमतीतून वजा करा आणि गाडी घ्या. करणारा कोण तेच माहीत नाही आणि नकाशाही नाही, असं असेल तर सोडून द्या. लाल रंगाची ही एकच बनलेली नाही.

एक मात्र नवऱ्याला सोबत नेऊ नका. ‘घे एकदाची’ म्हणणारा माणूस पाहणीच्या दिवशी फार महागात पडतो. भावाला न्या. तो नावडीने बघेल, आणि तुम्हाला त्या दिवशी तेच हवंय. जाताना टॉर्च आणि खाली अंथरायला जुनी चादर घ्या. फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून फोटो काढाल तेव्हा एक मलाही पाठवा.